कारणाचा रकाना

तुळशीच्या कुंडीत पाणी घालताना मातीतून एखादे बारीक काळे चिलट उठते, नाकासमोर दोन गिरक्या घेते आणि पुन्हा कुंडीच्या काठावर जाऊन बसते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. त्याच्याकडे लक्ष मात्र थोड्यांनीच दिले असेल. ते चावत नाही, कानाशी गुणगुणत नाही, उघड्या ताटावर तुटून पडत नाही. तुळशीचे लग्न जवळ आले म्हणून वृंदावनाला गेरू लावताना आपण त्याला पदराने किंवा हाताने बाजूला करतो आणि विसरतो. अशा क्षुद्र जीवावरून एखाद्याला नीतिशास्त्रातला प्रश्न पडावा हे हास्यास्पद वाटेल. पण मला तो पडला आहे, आणि तो माझ्याने सुटलेला नाही. प्रश्न असा की, काही बिघडले म्हणजे आपण तत्काळ त्याचे कारण शोधू लागतो, ते कशासाठी? बिघडलेले दुरुस्त करावे म्हणून, की कोणाच्या तरी नावावर ते एकदाचे मांडून टाकावे म्हणून?

ज्या प्रसंगावरून हे सुचले तो आधी सांगितला पाहिजे. माझी थोरली बहीण, जिला आम्ही अक्का म्हणतो, बीड तालुक्यात नारायणगडाच्या बाजूच्या एका गावात दिलेली. नारायणगडाला आमच्याकडे धाकटी पंढरी म्हणतात. बालाघाटाच्या उघड्याबोडक्या डोंगरांत नगद नारायण महाराजांचे हे स्थान. आषाढीला येथून पालखी पंढरपुरास जाते. ज्यांना तितके चालवत नाही ते एकादशीला गडावरच येऊन माथा टेकतात. (शहरातली मंडळी रोख पैशाला थट्टेने 'नगद नारायण' म्हणतात. आमच्या बाजूला ते नाव उच्चारताना हात आपोआप जोडले जातात.) अक्काच्या गळ्यात तुळशीची माळ आली त्याला चाळीसएक वर्षे होऊन गेली. माळ घातली म्हणजे मांसमच्छी सुटली, नशापाणी सुटले, एकादशी लागली आणि खोटे बोलण्याची चोरी झाली. यांतली शेवटची अट सर्वांत जड जाते, असे ती स्वतःच हसून सांगते.

तिचा धाकटा मुलगा कॅनडात, ओटावा शहरात असतो. संगणकाच्या कसल्याशा कामावर त्याची रात्रपाळी असते. अलीकडे एका वर्षी दसरा आटोपून अक्का त्याच्याकडे राहायला गेली. तुळशीला पाणी घातल्यावाचून तिची सकाळ उजाडत नाही, म्हणून लेकाने तिथल्या एका देशी दुकानातून रोप आणून दिले, आणि ते स्वयंपाकघराच्या खिडकीत विराजमान झाले. त्याच घराच्या तळघरात, एका बंद खोलीत, विजेच्या दिव्यांच्या उजेडात दुसरी चार झाडे वाढत होती. ती गांजाची होती.

वाचकांनी दचकू नये. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात हे कायद्याने चालते. घरात माणसे कितीही असोत, घरटी चार झाडे लावण्याची मुभा आहे. गंमत अशी की ओटावा नदीच्या अलीकडे ऑन्टारिओ प्रांतात ही मुभा आहे, आणि पलीकडच्या तीरावर, जिथल्या इमारती अलीकडून स्पष्ट दिसतात, तिथे क्यूबेक प्रांतात घरी एक झाड लावायलाही मनाई आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ही मनाई कायम केली. एवढ्या अंतरात झाडाचा गुण बदलत नसावा. पण अक्काला नदीच्या या तीराशी आणि त्या तीराशी कर्तव्य नव्हते. माळकरणीच्या लेकाच्या घरात गांजा, एवढेच तिला दिसले. आठ दिवस ती काहीच बोलली नाही. मग स्वयंपाकघरात चिलटे झाली, तुळस पिवळी पडू लागली, आणि तिला बोलायला विषय मिळाला.

"त्याच्या त्या झाडाचीच घाण आहे ही," ती मला फोनवर म्हणाली. "खालून वर आली अन् माझ्या तुळशीला लागली. तूच सांग त्याला, मी सांगणार नाही."

भाच्याला विचारले तर तो म्हणाला, "मामा, चिलटं आईच्याच कुंडीतनं निघतात. रोज तांब्याभर पाणी ओतते ती. उलट माझी झाडं खराब व्हायला लागलीत. तुम्हीच समजावून सांगा तिला, मी बोललो की तिला वाईट वाटतं."

एका घरात राहणारी दोन माणसे हजारो कोसांवरच्या तिसऱ्या माणसाकरवी एकमेकांशी बोलत होती, आणि बोलणे सारे चिलटांचे होते.

मला या किड्याविषयी काहीच ठाऊक नव्हते. मध्यस्थाने निदान पुरावा पाहावा म्हणून मी वाचू लागलो, आणि मोठी मौज वाटू लागली. फळांवर घोंगावणारी चिलटे ही नव्हेत. ही कुंडीच्या ओल्या मातीत जन्मणारी, डासासारखी लांब पायांची, दोनतीन मिलिमीटरची जात. शास्त्रज्ञ तिला ब्रॅडिसिया म्हणतात. पूर्ण वाढलेले चिलट जेमतेम आठदहा दिवस जगते आणि त्या अवधीत झाडाला काहीएक इजा करीत नाही. पण मादी मातीच्या वरच्या थरात शेदीडशे अंडी घालते. त्यांतून काचेसारख्या पारदर्शक अंगाच्या, काळ्या चकचकीत डोक्याच्या अळ्या निघतात. त्यांचे खरे अन्न म्हणजे ओल्या मातीतली बुरशी आणि कुजका पालापाचोळा. ते पुरेनासे झाले की त्या कोवळ्या मुळ्यांना तोंड लावतात. अंड्यापासून चिलटापर्यंत सारा संसार तीनचार आठवड्यांत आटोपतो. म्हणजे आपण हवेत उडणाऱ्या चिलटांवर टाळ्या वाजवीत बसतो तेव्हा जे व्हायचे ते महिन्यामागेच मातीत होऊन गेलेले असते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की अंडी घालायला मादीला ओलावा लागतो. वरचा बोटभर थर कोरडा राहिला तर अळ्या जगत नाहीत. आमच्या अंगणातल्या वृंदावनात सकाळी तांब्याभर पाणी घातले तर दुपारच्या उन्हाने आणि बालाघाटाच्या वाऱ्याने ती माती संध्याकाळपर्यंत भुरभुरीत होते. ओटावाच्या खिडकीत, नोव्हेंबरच्या मलूल उजेडात, तोच तांब्या आठवडाभर जिरत नाही. अक्काचा हात तोच, तांब्या तेवढाच, भावही तोच. चाळीस वर्षे जे पुण्याचे ठरले त्यानेच तिथे तुळशीची मुळे कुजू लागली.

गांजाच्या झाडांची कथाही याच जातीची आहे. हे मुळात रानातले, उन्हावाऱ्यातले झाड. उन्हात, वाऱ्यात, पाखरे, कोळी आणि मुंग्या यांच्या शेजारात या चिलटांचे फारसे काही चालत नाही. विसाव्या शतकात देशोदेशींच्या कायद्यांनी या झाडाला उघड्यावर जागा ठेवली नाही, तेव्हा लावणाऱ्यांनी ते घरात नेले. वाढीच्या दिवसांत अठरा तास दिवा आणि फुलोरा यावा म्हणून पुढे बारा तासांचा अखंड अंधार, दमट हवा, बंद दारे, मऊ पिशवीतली माती आणि हवे त्याहून जास्त पाणी. चिलटांना याहून चांगले माहेर कुठले? या झाडांची घरात हौसेने निगराणी करणाऱ्यांच्या तक्रारींत चिलटांची तक्रार नेहमीची आहे. चोरून वाढवायचे म्हणून जी खोली बनली, ती आता चोरी उरली नाही तरी तशीच राहिली, आणि खोलीबरोबर तिचे किडेही राहिले.

असो. भाच्याने पुस्तकी पद्धतीने परीक्षा केली. बटाट्याच्या चकत्या कापून प्रत्येक कुंडीत मातीवर पालथ्या ठेवायच्या आणि दोनतीन दिवसांनी उलटून पाहायच्या. अळ्या बटाट्याच्या ओढीने वर येतात. पाचही चकत्यांखाली अळ्या निघाल्या. तुळशीच्या चकतीखाली अधिक होत्या. पण भाच्याने दोन्हीकडे जी माती घातली होती ती एकाच पोत्यातली होती, आणि किडा त्या पोत्यातूनच आला नसेल असे कोणी सांगावे? पुराव्याने वाद मिटतो असे आपण समजतो. इथे दोघांनी त्याच चकत्या पाहिल्या आणि दोघेही आपापल्या मतावर अधिकच पक्के झाले.

आपल्याकडच्या नैयायिकांनी कारणाचा विचार करताना नेहमी घटाचे, म्हणजे मडक्याचेच उदाहरण घेतले, हा योगायोग मला मोठा सोयीचा वाटतो. मडक्याचे कारण काय? त्याचे भाग हे समवायी कारण, त्या भागांचा संयोग हे असमवायी, आणि कुंभार, चाक, काठी ही निमित्तकारणे. इथपर्यंत आपण शाळेत कुठेतरी ऐकलेले असते. खरी मार्मिकता पुढे आहे. मडके होण्याच्या आधी हजर असणाऱ्या अनेक गोष्टी असतात. काठीचा रंग असतो, कुंभाराचा बाप असतो, माती वाहून आणणारे गाढव असते. ही सारी मडक्याच्या आधी होती. म्हणून ती मडक्याची कारणे झाली काय? नैयायिक म्हणतात, नाही. ही 'अन्यथासिद्ध', असून नसल्यासारखी. गाढव नसते तर कुंभाराने माती डोक्यावरून आणली असती.

आपल्या रोजच्या व्यवहारातल्या निम्म्या आरोपांत आपण गाढवालाच धरतो असे माझे मत आहे. गाढव दिसते, जवळ असते, मुकाट उभे असते. ओटावाच्या घरात चिलट हे असे गाढव होते. गांजाच्या झाडाविषयी तेवढ्याच खात्रीने बोलता येईल की नाही हा प्रश्न निराळा, आणि त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

१८९३ साली इंग्रज सरकारने गांजा, भांग आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. विलायतच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला होता की हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे म्हणे गांजेकसांनी भरलेली आहेत, तेव्हा सरकार या मालावर कर कसा घेते? मॅकवर्थ यंग हे आयोगाचे अध्यक्ष होते, सभासदांत तीन हिंदी गृहस्थ होते, आणि आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवून १८९४ साली सात खंडांचा अहवाल दिला. त्या काळी मुंबई इलाख्यात आमच्या शेजारच्याच नगर जिल्ह्यात गांजाची उघड लागवड होत असे. आमचा बीड मुलूख निजामाच्या राज्यात होता; पण सरहद्द ओलांडायला बैलगाडीला वेळ लागत नव्हता.

या अहवालातले वेड्यांच्या इस्पितळांविषयीचे प्रकरण मला फार मोलाचे वाटते. इस्पितळांच्या नोंदवह्यांत वेडाच्या कारणासाठी एक रकाना होता, आणि त्यात ठिकठिकाणी गांजा असे लिहिलेले होते. त्याच आकड्यांवर सारी ओरड उभी होती. आयोगाने १८९२ सालचे रोगी एकेक करून तपासले. ते कोठून आले, त्यांच्या घरी काय घडले, कोणी काय पाहिले याची विचारपूस केली. तेव्हा निघाले ते असे: वेडा माणूस रस्त्यावर सापडला की पोलीस त्याला आणीत, त्याच्याबरोबर माहितीचा एक कागद येई, त्या कागदावर कारण लिहिणे आवश्यक असे, बिचाऱ्या शिपायाला कारण कुठून ठाऊक असणार? तो माणूस गांजा ओढताना कोणी पाहिला असे कानावर आले, किंवा नुसते तसे वाटले, तरी तो रकाना भरून टाकी. इस्पितळातला कारकून कागदावरचे वहीत उतरवी, वहीतले वार्षिक अहवालात जाई, आणि अहवालातले पार्लमेंटात. तपासाअंती अशा नोंदींपैकी पुष्कळशा टिकल्या नाहीत. मर्यादित सेवनाने म्हणण्यासारखा अपाय होत नाही, संपूर्ण बंदी आवश्यकही नाही आणि हितकरही नाही, कर आणि परवाने यांनी नियंत्रण ठेवावे, असा आयोगाने निर्णय दिला.

मी शिपायाला हसत नाही. रिकामा रकाना कोणालाच पाहवत नाही. साहेबाला तर नाहीच. 'कारण ठाऊक नाही' असे लिहायला जे धैर्य लागते ते शिपायाच्या पगारात बसत नाही.

परंतु आयोगाच्या नावाने गांजाची आरती करणाऱ्यांशीही माझे जमत नाही. अतिसेवनाने अपाय होतो, आणि मुळातच कमजोर मनाच्या माणसाला वेडही लागू शकते, हे त्याच आयोगाने मान्य केले होते. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे गेली आहेत. कोवळ्या वयात, रोज आणि जहाल माल ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे आज अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसून आले आहे. आणि दिव्यांखाली निगुतीने वाढवलेला आजचा माल शंभर वर्षांपूर्वीच्या चिलमीतल्या मालासारखा राहिलेला नाही. म्हणजे हे गाढव नुसते माती वाहणारे नाही. ते लाथही मारते. शिपायाने खोटे कारण लिहिले म्हणून कारण अजिबात नव्हतेच असे होत नाही. चौकशी न करता लिहिले, हा त्याचा दोष. आणि जो चौकशी न करता 'निरुपद्रवी' असे लिहितो त्याचाही दोष तोच.

कायद्याची तऱ्हा पाहिली तर अधिकच कुतूहल वाटते. कॅनडात १९२३ साली हे झाड निषिद्ध ठरले, तेव्हा इकडे इंग्रजी मुलखात सरकारी परवान्याच्या दुकानांत गांजा मिळत होता. १९८५ साली आपल्याकडे अमली पदार्थांचा कायदा झाला आणि झाड लावणे हाच गुन्हा ठरला. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. मग २०१८ साली कॅनडाने दार उघडले. दोन देश जणू दरवाजाच्या दोन बाजूंनी आले आणि एकमेकांना ओलांडून गेले. आपल्या कायद्यात आणखी एक बारकावा आहे. त्यातली 'गांजा'ची व्याख्या फुलोऱ्याची आहे. शेंड्याची फुले सोबत नसतील तर नुसती पाने आणि बी या व्याख्येबाहेर राहतात. म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकाने आहेत. एकाच फांदीवर खाली पान आणि वर फूल, आणि मधून कायद्याची रेघ! ही रेघ हास्यास्पद आहे असे पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. रेघ कोठेतरी ओढावीच लागते, आणि ओढणाऱ्याने शिवरात्रीची ठंडाई आणि चिलीम यांत भेद केला एवढाच त्याचा अर्थ. मात्र रेघ ओढणारा कायदा असतो, झाड नव्हे, हे विसरले म्हणजे घोटाळा होतो. भाचा हाच घोटाळा करीत होता. "मामा, इथं कायदेशीर आहे," हे वाक्य तो प्रत्येक फोनला म्हणे. मी त्याला एकदा विचारले, "तुझ्या आईने कायद्याचा प्रश्न विचारलाय का?" तो गप्प बसला.

अक्काचा प्रश्न कायद्याचा नव्हताच. आणि माझ्या मते तो पुरता धर्माचाही नव्हता. ते कळायला चिलटांनीच वाट करून दिली.

झाले असे की उपाय करायचे ठरले तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. भाच्याने पिवळे चिकट कागद आणले. चिलटे पिवळ्या रंगाला भुलतात आणि त्यावर चिकटून मरतात. अक्काने ते तुळशीजवळ लावू दिले नाहीत. मग त्याने एक जिवाणूंची भुकटी आणली. १९७६ साली इस्रायलच्या वाळवंटात डासांच्या डबक्यात सापडलेला हा जिवाणू पाण्यातून दिला की फक्त डासांच्या आणि चिलटांच्या जातीच्या अळ्या मारतो. झाडाला, माणसाला, मधमाशीला त्याचे काही नाही. अक्का म्हणाली, "माळ घालून मी तुळशीत विष कालवू?" विष नाही, हे तिला पटेना. राहिला तिसरा उपाय, पाणी तोडण्याचा. माती कोरडी होऊ द्यायची. अळ्या त्यानेही मरतातच. मग हा उपाय तिला कसा चालला?

मी पुष्कळ विचार केला. मारणे आणि मरू देणे यांत भेद आहे की नाही, यावर तत्त्ववेत्त्यांनी ग्रंथ लिहिले आहेत. अक्काने एकही वाचलेला नाही. तिने म्हटले, "तुळशीला एकादशी धरू द्या." काही घरांत एकादशीला तुळशीला पाणी घालत नाहीत; तिचाही उपवास असतो असे मानतात. द्वादशीला पाने तोडीत नाहीत हे तर सर्वांनाच ठाऊक आहे. अक्काने एका एकादशीच्या आठ केल्या. चिकट कागदात मरणाऱ्याला आपण मारतो. उपवासात जो आपला खाऊ संपला म्हणून जातो त्याला आपण मारीत नाही, निदान आपला हात त्यात दिसत नाही. तर्काच्या कसोटीला हे टिकणार नाही असे कोणी म्हणेल. अळीला दोन्ही सारखेच, हे मला दिसते. तरीही या भेदात काही तथ्य आहे असे मला वाटते. पहिल्या दोन उपायांत चिलटाला गुन्हेगार ठरवावे लागते. तिसऱ्यात अक्काला आपला तांब्या खाली ठेवावा लागतो. चाळीस वर्षांची सकाळची सवय तिने आठ दिवस मोडली. मारण्याच्या कुठल्याही उपायापेक्षा ते तिला महाग पडले असणार.

आणि त्या रिकाम्या सकाळींपैकी एका सकाळी, लेक पाळी करून घरी आला तेव्हा, करायला काही नसल्यामुळे म्हणा, तिने त्याच्यापुढे चहा ठेवून विचारले, "कशाला लागतं रे तुला ते?"

भाच्याने मला नंतर सांगितले, "मामा, इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं." त्याने आईला सांगितले की झोप लागत नाही. रात्री काम, दिवसा पडदे ओढून पडायचे. ते ओढले की डोळा लागतो. आणि न ओढता झोपायचा प्रयत्न केला तर पूर्वीपेक्षाही झोप उडते. (हेही वैद्यकात नोंदलेले आहे, रोजच्या सवयीनंतर सोडू पाहणाऱ्याची झोप काही दिवस बिघडते, आणि त्याला वाटते की औषध बंद केल्याने रोग उलटला.) आईने विचारले, "मग रात्रीचं काम कशाला?" त्यावर त्याने पगाराचे, घराच्या हप्त्यांचे, एकटेपणाचे सांगितले. शेवटी त्याला स्वतःलाच कळेना की यांतले मडके कोणते, कुंभार कोणता आणि गाढव कोणते.

महिनाभर ती दोघे चिलटांवरून भांडली ती हा प्रश्न विचारावा लागू नये म्हणूनच, असे म्हणण्याचा मला मोह होतो. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा एक रकाना भरणेच होईल. पण इतके खरे की 'दोष कोणाचा' हा प्रश्न चालू होता तोवर दोघेही माझ्याशी बोलत होते, आणि 'कशाला लागते' हा प्रश्न आला त्या दिवशी मला कोणाचाच फोन आला नाही. अक्काने त्याला झाडे टाकून दे म्हटले नाही. ती तळघरात कधी उतरलीही नाही. आषाढीच्या आधी ती परत आली ती पालखीबरोबर चालायला. निघताना तुळशीत बोटाचे एक पेर खुपसून पाहायचे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यायचे, एवढी ताकीद लेकाला देऊन. झाडे चारच आहेत की कमी झाली हे मी भाच्याला विचारलेले नाही.

हे सारे परमुलखातले झाले. आमच्या बाजूला हे झाड दिव्यांखाली फारसे वाढत नाही. मराठवाड्यातून अधूनमधून बातमी येते की अमुक गावच्या शिवारात कपाशीच्या किंवा तुरीच्या ओळींत गांजाची झाडे सापडली, पोलिसांनी ती उपटून वजन केले, शेत करणाऱ्याला धरले. बातमी चार ओळींची असते. तिच्यात वजन असते, बाजारभावाने किंमत असते. त्या वर्षी पाऊस किती पडला, कापूस काय भावाने गेला, बी कोणी आणून दिले आणि माल कोण उचलणार होता, हे तीत नसते. मी त्या शेतकऱ्याला निर्दोष म्हणत नाही. त्याने लावलेला माल कोणाच्या तरी कोवळ्या पोराच्या हाती जाणार होता, आणि पाऊस न पडलेल्या त्याच शिवारात ज्यांनी ही झाडे लावली नाहीत असे शेकडो शेजारी आहेत. पण वजनकाट्यावर झाडे चढतात तेव्हा काट्याच्या पलीकडे पाहण्याची गरज कोणालाच उरत नाही.

आमच्या जिल्ह्यात याहून कठीण रकाना भरावा लागतो. शेतकऱ्याने जीव दिला की सरकारी चौकशी होते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरते. सातबारा कोणाच्या नावे होता, बँकेचे कर्ज होते काय, वसुलीचा तगादा होता काय. की आजार, की घरातले भांडण, की व्यसन? पात्र ठरले तर घरच्यांना लाख रुपयांची मदत, अपात्र ठरले तर नाही. पैसा सरकारचा, म्हणजे सर्वांचा, तेव्हा काहीतरी कसोटी हवी हे मला समजते. चौकशी करणारा तलाठीही माणूसच असतो आणि शेजारच्याच गावात राहतो. मात्र 'व्यसन' हा शब्द कागदावर उमटला की खाली आणखी काही लिहायचे राहात नाही. तो माणूस केव्हापासून पीत होता, आणि पहिल्यांदा प्यायला त्या वर्षी त्याच्या विहिरीला पाणी होते काय, हे विचारायला त्या कागदावर जागा छापलेली नसते. अक्काच्या गावातल्या बायका अशा घरी भेटायला जातात तेव्हा कारण विचारीत नाहीत. त्या चुलीशी बसतात, भाकरी थापतात, आणि मग तासादोनतासांनी ती बाई आपण होऊन सांगू लागते. कुठल्या सालापासून सांगायला सुरुवात करावी हे मात्र तिलाही पटकन ठरवता येत नाही.